लाल धाग्याचा कोंबडा

मी एका माणसाच्या कोंबड्याच्या पायातला लाल धागा काढला आणि दुसऱ्या कोंबड्याच्या पायात घातला. एवढंच केलं. दुपारची वेळ होती, घरात कोणी नव्हतं, आणि सगळ्याला मिळून पाव तासही लागला नाही. चोरी म्हणावी तर मी काही उचलून नेलं नव्हतं. दोन्ही कोंबडे त्या दुपारी माझ्याच अंगणात होते आणि संध्याकाळीही माझ्याच अंगणात राहिले. तरीही आज पन्नाशी ओलांडल्यावर, स्वतःच्या हातून काय काय वाईट झालं ते आठवू लागलो की बाकीचं मागे राहतं आणि तो धागा पुढे येतो.

तेव्हा मी आरमोरीला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पंचविशी ओलांडलेली, नुकतं लग्न झालेलं. शेजारी एक शिंपी राहायचे. गावातली हिंदू-मुसलमान सगळी माणसं त्यांना 'भाई' म्हणत, मीही म्हणायचो. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. त्यांचं अंगण आणि आमचं अंगण यांच्यामध्ये फक्त बांबूचं कुंपण होतं.

भाईंचे वडील जंगलातल्या सरकारी बंगल्यावर खानसामा होते. तिथला गोरा साहेब देश सोडून जाताना त्यांना एक डालगं देऊन गेला. त्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळे बुटक्या जातीचे. साहेब त्यांना बँटम म्हणायचा, आमच्याकडे लोक नुसतं 'बुटके' म्हणत. पूर्ण वाढलेला कोंबडा वाण्याच्या तागडीत पाऊण शेराच्या वर जात नसे. पण रुबाब असा, की गावठी कोंबडा त्याच्यापुढे हमाल वाटावा. सोनेरी मान, शेपटीच्या काळ्या पिसांवर हिरवी झाक, तुऱ्याला मोजून पाच टोकं. म्हातारे खानसामा वारले तेव्हा भाईंकडे शिवणाचं मशीन आलं आणि ही जात आली. त्यांना दुसरं काही मिळालं नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टींना ते सारखंच जपायचे.

मीही त्यांच्याकडूनच अंडी आणून गावठी कोंबडीखाली उबवली आणि बुटके पाळायला लागलो. अंडी त्यांनी आपणहून दिली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे केलं ते मला देणाऱ्याच माणसाशी केलं.

पिल्लं तीन महिन्यांची झाली की भाई निवड करायचे. ती पाहण्यासारखी असे. दुकानातून आले की ओट्यावर बसायचे, हात धुऊन मांडीला पुसायचे आणि एकेक कोंबडा उचलून डोळे मिटायचे. डाव्या तळहातावर त्याचं पोट आणि उजव्या हाताचं बोट छातीच्या हाडावरून खाली, सावकाश.

एकदा मी म्हटलं, "भाई, डोळे काऊन मिटता?"

"डोळा फसते, गुरुजी. रंग पाहून भुलते. बोट नाई भुलत." मग माझं बोट धरून त्यांनी त्या हाडावर ठेवलं. "पाहा, मधात कुठी वाकलं हाये का?"

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "सरळ वाटते."

"इथी." त्यांनी माझं बोट तांदळाच्या दाण्याएवढं सरकवलं. "शिवण उसवलेल्या जागी कापड कसं लागते हाताले? तसं. याची पिल्लं वाकड्या शेपटीची निघन."

मला तेव्हाही काही कळलं नाही. मी मान हलवली.

हाड झालं की पायाची बोटं, मग तुरा, मग जमिनीवर सोडून चाल. शेवटी मूठभर तांदळाची कणी टाकायची आणि नुसतं बघत बसायचं. जो कोंबडा दाणा दिसला की आधी कोंबड्यांना हाक मारतो आणि त्या येईपर्यंत स्वतः चोच लावत नाही, तो वंशाला ठेवायचा. एकटा खाणारा कितीही देखणा असला तरी बाद. हा नियम त्यांच्या वडिलांचा. प्रदर्शनाला न्यायचा कोंबडा त्याहून वेगळाही चालतो, असं ते म्हणायचे. तो लहानात लहान हवा, पिसं दाट हवीत, बाकी त्याचा स्वभाव कोण पाहतो. पण दोन्ही गुण एकाच पक्ष्यात आले, की मग बाकीच्यांकडे पाहायची गरज नाही.

माझ्याकडे हात नव्हता, पुस्तक होतं. नागपूरहून मागवलेलं, चित्रांचं. त्यात पक्ष्याच्या प्रत्येक भागाला बाण दाखवून नावं दिली होती. मी शाळेतली फूटपट्टी घरी आणून कोंबड्यांचे पाय मोजायचो आणि वहीत लिहायचो. भाईंना मराठी वाचता येत नव्हतं. ते कधीकधी म्हणायचे, "तुमच्या पुस्तकात काय लिवलं हाये, सांगा बरं." मी वाचून दाखवायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बराबर हाये. अब्बाबी हेच सांगे." माझ्या पुस्तकातलं त्यांना आधीच ठाऊक असायचं, याचा मला राग यायचा.

त्या काळात सरकारी विकासाचा ब्लॉक नुकता सुरू झाला होता आणि दर हिवाळ्यात शेतीचं प्रदर्शन भरायचं. धानाच्या लोंब्या, भोपळे, बैल, आणि एका मांडवात कोंबड्या. पहिल्या वर्षी भाईंचा कोंबडा पहिला आला, माझ्याला काही नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा भाईंचा पहिला, माझा तिसरा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, आलेले ढोरांचे डॉक्टर परीक्षक होते. त्यांनी माझ्या कोंबड्यावर एक नजर टाकली आणि भाईंना बाजूला नेऊन अर्धा तास विचारत राहिले, तुम्ही कसं निवडता, काय बघता. मी वही काखेत धरून जवळच उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर बायको सहज म्हणाली, "भाईच्या हातालेच गुण हाये."

मी त्या रात्री जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं.

मत्सर कसा वाढतो हे मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगू शकतो. भाईंचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्याकडे जे होतं ते त्यांच्याकडे नसावं, एवढंच वाटायचं. शाळेत जाताना त्यांच्या दुकानावरून जावं लागे. ते डोळ्यानंच माप घेऊन कापडात कात्री घालायचे. टेप गळ्यात असायचा, पण तो शोभेलाच. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की झालं. ती सरसर चालणारी कात्री पाहिली की मी उगाच रेंगाळायचो. हा माणूस चुकत कसा नाही?

त्याच हिवाळ्यात, दिवाळीच्या सुमाराला, भाईंच्या कोंबडीखाली नऊ पिल्लं निघाली होती. त्यात नर दोनच. प्रदर्शनानंतर मुंगसानं त्यांचा जुना कोंबडा नेला, आणि वंशाला या दोन भावांशिवाय कोणी उरलं नाही. दोघं रंगानं इतके सारखे, की मला ओळखता येत नसत. माघात भाईंनी त्यांना हातात घेतलं. पहिल्याला खाली ठेवून दुसऱ्याला घेतलं, पुन्हा पहिल्याला घेतलं. मग मशीनवरचं लाल रीळ काढलं आणि दोघांतल्या एकाच्या पायात तिपेडी दोरा बांधला. त्यांची खूण ठरलेली होती. लाल धागा म्हणजे वंशाचा. पक्षी वाढता असतो म्हणून फास सैल ठेवायचा, पण गाठ शिंप्याची, बारीक, दाबून बसवलेली. तशी गाठ गावात दुसऱ्या कोणाला जमत नव्हती.

"हा दोन्ही कामाचा निघाला," ते म्हणाले. "वंशालेबी आन् प्रदर्शनालेबी. असा अब्बाच्या वेळंपासून नाई झाला."

दोनच दिवसांनी त्यांना बोलावणं आलं. नदीपलीकडच्या गावात मालगुजाराच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या, मुलीचं लग्न होतं. मालगुजारी सरकारजमा झाली होती, तरी लोक त्या घराला मालगुजारच म्हणत. अशा घरी शिंप्यानं मशीन घेऊन जायचं, तिथंच राहायचं आणि घरादाराचे कपडे शिवून महिन्यानं परतायचं, अशी रीत होती. भाभी बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. भाईंनी कोंबड्या मागच्या घरी सोपवल्या आणि ते दोन भाऊ माझ्याकडे आणले.

"याले जिवापाड सांभाळा, गुरुजी," लाल धाग्याच्या कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले. "त्या दुसऱ्याचं हाड जरा तिरपं हाये. तो तुमी ठेवा नाई तं रस्सा करून खा. तुमालेच दिला."

पहिले आठ दिवस मी दोघांना सारखंच सांभाळलं. रोज सकाळी कणी टाकून बघत बसायचो. लाल धाग्याचा कोंबडा मान खाली घालून कुकुक करत माझ्या कोंबड्यांना बोलवायचा आणि त्या आल्यावर बाजूला उभा राहायचा. दुसरा मधे घुसून खायचा. आणि एके सकाळी मी दोघांना आळीपाळीनं उचललं, डोळे मिटले, आणि माझ्या बोटाला कळलं. एकाचं हाड सरळ होतं आणि दुसऱ्याचं एका जागी, दाण्याएवढ्या अंतरात, कलत होतं. दोन वर्षं जे कळलं नव्हतं ते कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते हे, की भाई म्हणाले ते पुन्हा एकदा खरं निघालं.

त्याच दुपारी मी तो उद्योग केला. गाठ सोडली नाही, सोडली असती तर पुन्हा तशी बांधता आली नसती. बायको विहिरीवर गेली होती. मी कोंबड्याच्या पायाला जवसाचं तेल लावलं, त्याची बोटं मिटून धरली आणि सैल फास हळूहळू खाली सरकवून काढला. मग तसाच दुसऱ्याच्या पायात वर चढवला. तेल फडक्यानं पुसून घेतलं. इतकी काळजी मी वहीतल्या एकाही मापात घेतली नव्हती.

चार दिवसांनी बायको दाणे टाकत होती. ती म्हणाली, "कोंबड्यांले बोलावून खाते तो लाल धाग्याचा होता नं? आता बिनधाग्याचा बोलावून राह्यला."

"तुले काय समजते त्यातलं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सूप घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी मी बिनधाग्याचा कोंबडा ब्रह्मपुरीच्या बाजूला माझ्या वडिलांच्या गावी नेऊन ठेवला.

भाई फाल्गुनात परतले. आल्या आल्या, हातपाय धुवायच्याही आधी, माझ्या अंगणात येऊन त्यांनी लाल धाग्याचा कोंबडा उचलला. डोळे मिटले. बोट छातीवरून खाली गेलं आणि थांबलं. पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली आलं. मी कुंपणाला टेकून पाहत होतो.

"असं कसं?" ते स्वतःशीच म्हणाले. पक्षी उलटा करून त्यांनी पायाकडे पाहिलं. धागा नखानं फिरवला, गाठ चिमटीत धरली. "गाठ तं माझीच हाये."

मी कुंपणाची एक सुटलेली काडी बसवू लागलो.

"दुसरा कुठी हाये, गुरुजी?"

"बाबाकडे गावाले नेऊन देला. तुमीच म्हनले होते तुमाले देला म्हनून."

"हो, म्हनलो होतो." ते बराच वेळ कोंबडा मांडीवर घेऊन बसले. माझ्यावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. गाठ त्यांची होती, तेव्हा चूक त्यांचीच असणार.

त्या साली त्यांनी तोच कोंबडा वंशाला ठेवला, कारण दुसरा नव्हता. माझ्याजवळ होता. पुढच्या पिल्लांत निम्म्यांच्या शेपट्या एका अंगाला कलल्या.

पौषात पुन्हा प्रदर्शन भरलं. मी वडिलांकडून कोंबडा आणला आणि मांडवात ठेवला. डॉक्टरांनी त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हा कुणी निवडला?"

"मी."

"काय पाहून?"

मी हाडाचं सांगितलं, चालीचं सांगितलं, दाण्याला कोंबड्यांना बोलावण्याचं सांगितलं. शब्दन् शब्द भाईंचा होता. डॉक्टर खूश होऊन ऐकत होते. पहिल्या नंबराची चिठ्ठी माझ्या डालग्याला लागली.

भाईंनी त्या वर्षी काहीच आणलं नव्हतं, ते नुसते बघायला आले होते. माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "हा कोनता?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो, म्हणजे वाईटातलं थोडं कमी वाईट करू शकलो असतो. पण आपण चुकलो असं त्यांना वाटावं अशी माझी इच्छा होती. "तोच. तुमी टाकलेला."

त्यांनी तो उचलला. सवयीनं डोळे मिटले. बोट एका दमात सरळ खाली गेलं. डोळे उघडल्यावर ते हसले आणि म्हणाले, "मुबारक हो, गुरुजी. तुमचा हात पाहा कसा बसला. आन् मी याचा रस्सा करा म्हनत होतो."

भोवती बाजारातली दहा-बारा माणसं होती. एकजण म्हणाला, "भाई, आता मशीन विका आन् चष्मा घ्या." लोक हसले. भाईही हसले. मी चिठ्ठीकडे पाहत होतो. खरं सांगायचं तर तेव्हाही मला सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलेलंच बोचत होतं. पहिला मी आलो होतो आणि लोक बोलत होते ते भाईंबद्दल.

त्यानंतर ही थट्टा बाजारात चालूच राहिली. कोणाची बाही आखूड झाली तरी म्हणत, "कोंबड्यावानी झालं का भाई?" मी शाळेत जाताना पाहायचो. आता भाई टेप गळ्यातून काढून माप घेत, लिहून न ठेवता आल्यामुळे दोरीला गाठी मारत, मग पुन्हा माप घेत. कापडावर कात्री ठेवायचे आणि उचलायचे. एका गिऱ्हाइकाला मी बोलताना ऐकलं, "पहिले भाई पाहूनच कापे. आता दोनदा नापते, तरी कापाले भेते."

मला हवं होतं ते झालं होतं. तो माणूस आता चुकत होता.

नवी पिल्लं तीन महिन्यांची झाली तेव्हा भाई कुंपणाजवळ आले. "गुरुजी, तुमीच पाहा. कोनता ठेवू सांगा. मी नाई हात लावत."

मी म्हटलं, "आज शाळेचं काम हाये." दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी ते डालगं घेऊन माझ्या अंगणात आले. आत पाच कोंबड्या होत्या, त्यांच्याकडे उरलेल्या सगळ्या.

"ह्या तुमी ठेवा," ते म्हणाले. "अब्बाची जात हाये. माझ्याजवळ राह्यली तं वाकड्या शेपटीनं खतम होऊन जाईन. तुमच्याजवळ तो कोंबडा हाये. तुमच्याजवळ टिकन."

मी डालग्याकडे पाहत राहिलो. बायको दारात उभी होती. ती आत गेली नाही.

मी उठलो, माझा पहिल्या नंबराचा कोंबडा पकडून आणला आणि त्यांच्या हातात दिला. "भाई, लाल धागा याच्या पायात होता. मी काढून दुसऱ्याच्या पायात घातला."

त्यांना आधी कळलंच नाही. "गाठ तं..."

"गाठ सोडली नाई. तेल लावून सरकवली."

ते कोंबड्याच्या पायाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काऊन?"

सव्वा वर्ष मी स्वतःला निरनिराळी कारणं देत आलो होतो. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "तुमाले कळते, मले कळत नाई, म्हनून."

"तुमी मांगतला असता तं हा कोंबडा मी तुमाले देऊन टाकला असता."

"कोंबडा नव्हता पाहिजे मले."

त्यांनी कोंबडा डालग्यात सोडला, झाकण बसवलं आणि डालगं डोक्यावर घेतलं. फाटकाशी थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे इथी मले एकट्याले सांगून काय होते, गुरुजी? हसले ते बाजारात हसले."

आठ दिवस मी दुसऱ्या रस्त्यानं शाळेत गेलो. जिवाला वाटत होतं, सांगून टाकलं, संपलं. कोंबडा परत गेला, माझ्याकडे काही उरलं नाही, आणखी काय करायचं? मास्तरानं भर बाजारात उभं राहून असलं बोलायचं, तर उद्या वर्गात काय तोंड दाखवायचं? बायकोनं एकदाच विचारलं, "आज बाजार हाये नं?"

मी गेलो. बाजाराचा दिवस असल्यानं भाईंच्या दुकानासमोर गर्दी होती. बाकावर तिघं-चौघं बसलेले, दोन बाया झंपराचं कापड घेऊन उभ्या. चष्म्याची थट्टा करणारा माणूसही होता. भाई टेबलावर कापड पसरून त्यावर कात्री टेकवून थांबले होते. मला पाहून त्यांनी मान वर केली, पण या म्हणाले नाहीत.

बाकावरचा एकजण सरकत म्हणाला, "बसा गुरुजी. भाईले जरा माप शिकवा."

मी बसलो नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज तेवढा निघाला नाही. गर्दी गप्प झाली म्हणून तो ऐकू गेला.

"प्रदर्शनात पहिला आला तो कोंबडा भाईनं निवडला होता. तीन महिन्याचा होता तेव्हाच भाईनं त्याले लाल धागा बांधला होता. मी तो धागा काढून वाकड्या हाडाच्या कोंबड्याले घातला, आन् भाई चुकले म्हनून तुमी हसले तेव्हा मी गप राह्यलो. भाईचा हात चुकला नाई. एकदाबी चुकला नाई. मी भाईवर जळत होतो."

मग मी टेबलाच्या जवळ गेलो. भाईंची कात्री अजून कापडावरच होती.

"भाई," मी म्हणालो, "मले माफ करा."